खुल्या संवादी पाठ्यपुस्तकात संशोधनाची पानं लपवून कशी ठेवावीत?

प्रश्न असा आहे: बडोद्यातल्या एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाला पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवण्यासाठी रनस्टोन या संवादी पाठ्यपुस्तकांच्या संकेतस्थळावर चालणारं, स्फिंक्सने (साध्या मजकुराच्या फाइलींतून वेबपानं बांधणाऱ्या साधनाने) बांधलेलं खुलं संवादी पुस्तक वापरतात. 60 विद्यार्थ्यांवर एक छोटा अभ्यास करायचा आहे. अर्ध्यांना पार्सन्स कोडी सोडवायची, म्हणजे कोडच्या विस्कटलेल्या ओळी ओढून क्रमाने लावायच्या. उरलेल्यांनी तोच कोड स्वतः लिहायचा. आधी पूर्वचाचणी, सरावानंतर उत्तरचाचणी आणि आठवड्याने आणखी एक चाचणी. हे सगळं पुस्तकातच हवं, पण इतर वाचकांना दिसायला नको. पानं कशी घालावीत?

तांत्रिक काम फार नाही. त्याआधी ‘लपवायचं’ म्हणजे कोणापासून आणि कितपत, हे कागदावर लिहून काढा. पान अनुक्रमणिकेत दिसू नये ही एक गरज. ते शोधपट्टीत आणि गूगलवर सापडू नये ही दुसरी. मुद्दाम शोधणाऱ्यालाही ते वाचता येऊ नये ही तिसरी. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि स्फिंक्समध्ये सहज जमतं ते फक्त पहिलं. पान यादीतून काढलं की तिकडे जाणारी वाट पुसली जाते, दाराला कुलूप लागत नाही.

म्हणून प्रत्येक पानापुढे एकच प्रश्न लिहा: हे फुटलं तर अभ्यासाचं काय बिघडेल? माहितीपत्रक आणि संमतिपत्र फुटलं तर काहीच नाही. सरावाची कोडी फुटली तर थोडंफार. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी फुटली तर अभ्यासच बाद. पहिल्या दोन प्रकारांना यादीबाहेर ठेवणं पुरतं. तिसऱ्या प्रकारातलं काहीही उघड्या रिपॉझिटरीत, म्हणजे पुस्तकाच्या मूळ फाइलींच्या सार्वजनिक साठ्यात, टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता यादीबाहेर ठेवण्याची रीत. (निर्देश म्हणजे फाइलीत स्फिंक्ससाठी लिहिलेल्या सूचना. त्यांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, फाइलीत ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करा.) अभ्यासाच्या फाइलींसाठी वेगळा फोल्डर करा आणि त्यातली एकही फाइल कुठल्याही टॉकट्रीमध्ये, म्हणजे अनुक्रमणिका बनवणाऱ्या यादीत, लिहू नका. स्फिंक्स ती फाइल तरीही बांधतो, फक्त ‘हे पान कुठल्याही टॉकट्रीत नाही’ असा इशारा देतो. इशारा नुसता त्रासदायक नसतो. ज्या प्रकल्पात इशाऱ्यालाही चूक मानून बिल्ड, म्हणजे पुस्तक बांधणं, थांबवलं जातं, तिथे तुमची पुल रिक्वेस्ट (बदल पुस्तकात घ्यावा अशी मालकांकडे केलेली विनंती) त्यावरच अडेल. उपाय सोपा आहे: फाइलीच्या अगदी वर, शीर्षकाच्याही आधी, दोन कोलनांच्या मध्ये ‘ऑर्फन’ लिहा.

इथे बरेच जण टॉकट्रीचा ‘हिडन’ हा पर्याय वापरतात आणि फसतात. त्या पर्यायाने यादी त्या जागी छापली जात नाही, एवढंच. पान पुस्तकाच्या क्रमात राहतंच, त्यामुळे बाजूच्या पट्टीत आणि ‘पुढचं पान’च्या बाणावर ते बिनदिक्कत दिसतं. तुम्हाला हवं आहे ते ऑर्फन, हिडन नव्हे.

ऑर्फन पानाला पुढचं-मागचं बटण नसतं, ही त्याची दुसरी बाजू. पूर्वचाचणी संपली की विद्यार्थी पानाच्या तळाशी अडकून बसतो आणि मग शेजाऱ्याला विचारतो. म्हणून प्रत्येक पानाच्या शेवटी पुढच्या पानाचा दुवा ‘डॉक’ ही दुव्याची खूण वापरून स्वतः लिहा. दुवे फक्त लपलेल्या पानातून लपलेल्या पानाकडे जाऊ द्या. उघड्या प्रकरणातून एक जरी दुवा दिला तरी बाकीची मेहनत वाया जाते.

शोधासाठी दोन गोष्टी. ऑर्फनच्या खालीच ‘नोसर्च’ लिहिलं की त्या पानाचा मजकूर पुस्तकाच्या शोधपट्टीत येत नाही. पण पानाचं फाइलनाव शोधसूचीच्या फाइलीत राहतं, म्हणून फाइलीला ‘पूर्वचाचणी-उत्तरं’ असलं बोलकं नाव देऊ नका. गूगलसाठी मेटा निर्देशात रोबॉट्सपुढे ‘नोइंडेक्स’ लिहा. हेच पान शोधयंत्रांना सूचना देणाऱ्या रोबॉट्सच्या मजकूर फाइलीत ‘मनाई’ म्हणून नोंदवण्याचा मोह आवरा. त्याने दोन तोटे होतात: ती फाइल कुणालाही वाचता येते, म्हणजे तुम्हीच पत्ता जाहीर करता, आणि शोधयंत्राला पान उघडायलाच बंदी झाल्यामुळे त्यातली नोइंडेक्सची सूचना त्याला दिसतच नाही. साइटमॅप (शोधयंत्रांसाठीची पानांची यादी) आपोआप तयार करणारी जोडणी चालू असेल, तर त्यातूनही ही पानं वगळायला हवीत.

सर्वांत जास्त गळती होते ती मूळ मजकुराच्या प्रतींमधून. स्फिंक्स बांधताना प्रत्येक पानाची मूळ फाइल ‘सोर्सेस’ नावाच्या फोल्डरात ठेवतो, आणि ही सवय मुळातच चालू असते. म्हणजे तुम्ही बहुपर्यायी प्रश्नात बरोबर पर्याय कोणता हे जिथे लिहिलं, ती ओळ साध्या मजकुरात सर्व्हरवर जाऊन बसते. कॉन्फ फाइलीत, म्हणजे स्फिंक्सच्या सेटिंगच्या फाइलीत, ‘एचटीएमएल कॉपी सोर्स’ बंद करा. पानावरचा ‘मूळ मजकूर पाहा’ हा दुवा तेवढा काढून भागत नाही. दुवा जातो, प्रत राहते.

एकाच मूळ मजकुरातून दोन बिल्ड काढणं सर्वांत नीट. अभ्यासाची बिल्ड काढताना स्फिंक्सला आडवी रेघ आणि ‘टी’ या पर्यायाने एक टॅग द्या, समजा ‘स्टडी’. कॉन्फ फाइलीत तपासा: टॅग नसेल तर अभ्यासाचा सगळा फोल्डर ‘एक्स्क्लूड पॅटर्न्स’मध्ये जातो. मग जाहीर पुस्तकात ही पानं तयारच होत नाहीत, आणि जे तयारच झालं नाही ते गळतही नाही. प्रीटेक्स्ट या दुसऱ्या साधनात लिहिलेल्या पुस्तकात हेच काम ‘कंपोनंट’ या गुणधर्माने आणि प्रकाशन-फाइलीतल्या ‘व्हर्जन’ने होतं. ज्युपिटर बुक या आणखी एका साधनाच्या पहिल्या पिढीत यादीत नसलेली पानंही मुळात बांधली जातात. फक्त यादीतलीच बांधायची तर तसा पर्याय कॉन्फिग फाइलीत लिहावा लागतो. साधन कुठलंही असो, बांधलेल्या फोल्डरात प्रश्नातलं एखादं नेमकं वाक्य शोधून पाहा. सापडलं तर ते बाहेर गेलेलं आहे.

पण रिपॉझिटरीच उघडी असेल तर बिल्डमध्ये वगळून उपयोग काय? रिपॉझिटरी जिथे ठेवतात त्या गिटहबवर उघड्या रिपॉझिटरीचा फोर्क, म्हणजे आपल्या खात्यातली प्रत, खाजगी करता येत नाही. वेगळी ब्रँच (त्याच रिपॉझिटरीतली समांतर शाखा) काढली तरी तीही उघडीच. आणि एकदा ढकललेली फाइल नंतर डिलीट केली तरी इतिहासात राहते. चाचण्यांसाठी वेगळी, खाजगी रिपॉझिटरी काढा आणि अभ्यासाची बिल्ड काढतानाच तिचा फोल्डर पुस्तकात आणा. पुस्तकाच्या मालकांकडे जाणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये फक्त कॉन्फ फाइलीतली टॅगची अट आणि फार तर माहितीपत्रक असू द्या. मालकांनाही हे बरं पडतं. तीन वर्षांनी ‘ही अनाथ फाइल कुणाची?’ असा प्रश्न त्यांच्यापुढे येत नाही.

परवान्याकडेही बघा. अशी पुस्तकं बहुधा जीएनयू मुक्त दस्तऐवज परवान्याखाली किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘त्याच अटींवर वाटा’ प्रकारात असतात. पुस्तकात मिसळून प्रसिद्ध केलेला तुमचा मजकूरही त्याच परवान्याखाली येऊ शकतो. दुसऱ्या संशोधकांनी तयार केलेली प्रमाणित चाचणी वापरणार असाल, तर ती अशी उघड करण्याचा हक्क तुम्हाला बहुधा नसतोच. एससीएस 1 (प्रोग्रामिंगच्या पहिल्या अभ्यासक्रमाची चाचणी) सारखी मापनं मागणी केल्यावर, प्रश्न बाहेर न फोडण्याच्या अटीवर मिळतात, कारण फुटलेल्या प्रश्नांनी मापनच निकामी होतं.

एवढं वाचून वाटेल की पुस्तकाला हात न लावता काही होईल का. होईल, आणि चाचण्यांपुरता मी तोच मार्ग सुचवेन. रनस्टोनवर शिक्षकाला असाइनमेंट बांधण्याच्या जागी स्वतःचा प्रश्न लिहून तो खाजगी ठेवता येतो आणि अशा प्रश्नांची वेळ लावलेली परीक्षा करता येते. बिल्ड नको, पुल रिक्वेस्ट नको, सर्व्हरवर फेरबदल नकोत. पुस्तकात घातलेला प्रश्न त्या पुस्तकाच्या प्रश्नसंग्रहात जातो आणि तेच पुस्तक वापरणारे इतर शिक्षकही तो आपल्या असाइनमेंटमध्ये ओढू शकतात, हा धोकाही टळतो. मग पुस्तकाच्या बिल्डमध्ये उरतात ती फक्त सरावाची पानं.

सरावाच्या पानांवर गट पाडण्यासाठी रनस्टोनमध्ये ‘सिलेक्टक्वेश्चन’ हा निर्देश आहे. त्याला दोन प्रश्नांचे आयडी आणि ‘एबी’ या पर्यायात प्रयोगाचं नाव दिलं की प्रत्येक खात्याला यादृच्छिकपणे एक गट मिळतो. त्याच नावाच्या पुढच्या प्रत्येक जागी त्या खात्याचा गट तोच राहतो. प्रयोगाचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं हवं. एका पानावर जोडरेघ आणि दुसऱ्यावर अधोरेघ पडली की ते दोन प्रयोग समजले जातात, आणि एकच विद्यार्थी अर्ध्या वेळ एका गटात, अर्ध्या वेळ दुसऱ्यात जातो. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, विश्लेषणाच्या वेळीच उघड होते. हा निर्देश प्रश्न सर्व्हरच्या डेटाबेसमधून आणतो, म्हणून घरच्या संगणकावर बांधलेल्या पानात तो चालत नाही. दोन्ही पर्यायांचे मूळ प्रश्न कुठल्यातरी पानावर असावे लागतात. ते पानही ऑर्फन हवं, नाहीतर विद्यार्थ्याला दोन्ही गटांचा सराव एकत्र सापडतो.

यादृच्छिक वाटणीत 60 जणांचे बरोबर 30-30 होतील अशी अपेक्षा ठेवू नका. नाणं उडवल्यासारख्या वाटणीत 26 विरुद्ध 34 अगदी सहज होतं आणि 23 विरुद्ध 37 सुद्धा अशक्य नाही. गट समान हवेच असतील तर चार-चारच्या तुकड्या करून यादी आधीच बनवावी लागते, आणि मग दोन वेगळे दुवे द्यावे लागतात. दोन दुवे म्हणजे ते वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर जाणारच. 60 जणांसाठी मी असमान गट पत्करेन, दोन दुवे नाही.

प्रश्नांचे आयडी पुस्तकभर एकमेव असावेत. उघड्या प्रकरणातला प्रश्न उचलून चिकटवला आणि आयडी तोच राहिला, तर दोन प्रश्नांची उत्तरं एकाच नावाखाली मिसळतात. प्रत्येक आयडीच्या सुरुवातीला अभ्यासाची खूण, मग टप्पा, मग क्रमांक, असा साचा ठरवा. पुढे हजारो ओळींच्या लॉगमधून (विद्यार्थ्यांच्या कृतींच्या नोंदीतून) तुमच्या ओळी वेगळ्या काढताना हाच साचा कामाला येतो. गटाचं नाव मात्र आयडीत किंवा पानाच्या शीर्षकात दिसू देऊ नका. ‘नियंत्रित गट’ असं वाचलेला विद्यार्थी वेगळा वागतो.

आता प्रश्न कसे असावेत, ते एका कोड्यावरून पाहू. सूचीतल्या सम संख्यांची बेरीज परत करणारं फंक्शन घ्या. ओळी सहा: फंक्शनची व्याख्या, टोटल शून्य, फॉरची ओळ, इफची ओळ, टोटलमध्ये भर, रिटर्न. पार्सन्समध्ये दोन चुकीच्या ओळी जोडीने द्या: इफमध्ये दोन बरोबरचिन्हांऐवजी एकच असलेली, आणि टोटलमध्ये भर घालण्याऐवजी टोटललाच नवी किंमत देणारी. त्या ओळीपुढे ‘पेअर्ड’ ही खूण घातली की ती बरोबर ओळीच्या शेजारीच दिसते. ‘डिस्ट्रॅक्टर’ घातली तर इतर ओळींत विखुरते आणि कोडं बरंच अवघड होतं. ‘अडॅप्टिव्ह’ चालू ठेवायचं का हेही आधीच ठरवा. ते चालू असेल तर काही पूर्ण प्रयत्नांनंतर मदतीचं बटण चुकीच्या ओळी काढतं, ओळी एकत्र करतं. म्हणजे तुमच्या एका गटाला मदत मिळते आणि कोड लिहिणाऱ्या गटाला मिळत नाही. मग फरक पार्सन्समुळे पडला की मदतीमुळे, हे सांगता येणार नाही.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीत तेच प्रश्न देऊ नका, समरूप द्या: एकात सम संख्यांची बेरीज, दुसऱ्यात दहापेक्षा मोठ्या संख्यांची. सांगाडा तोच, वरचं पांघरूण वेगळं. तरीही एक प्रत किंचित सोपी निघतेच. म्हणून अर्ध्या वर्गाला आधी पहिली प्रत आणि अर्ध्याला आधी दुसरी द्या, आणि ही अदलाबदल दोन्ही गटांत सारखी ठेवा.

चाचणी पुस्तकातच ठेवणार असाल तर ती ‘टाइम्ड’ निर्देशात घाला, वेळ मिनिटांत लिहा, आणि ‘नोरिझल्ट’ व ‘नोफीडबॅक’ दोन्ही लावा, म्हणजे निकाल आणि अभिप्राय दिसत नाहीत. ते विसरलात तर पूर्वचाचणीच शिकवणी होते. ‘या कोडचं आउटपुट काय?’ असे प्रश्न असतील तर रनस्टोनच्या वरच्या पट्टीतली कोरी कोडखिडकी लक्षात घ्या. विद्यार्थी कोड तिथे चिकटवून चालवतो आणि उत्तर घेऊन येतो. तुमच्या प्रश्नाची खिडकी बंद केल्याने ती बंद होत नाही. कोड मजकुराऐवजी चित्र म्हणून दिला तर चिकटवणं अवघड होतं. पण दृष्टिबाधित विद्यार्थ्याला तो स्क्रीन रीडरने वाचता येत नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय करा. प्रयोगशाळेत निरीक्षक फिरता ठेवणं हाच खरा उपाय.

मानसिक श्रम मोजायचे असतील तर संशोधक फ्रेड पास यांची 1992 सालची नऊ पायऱ्यांची एक-प्रश्नी मोजपट्टी पुरते, पण ती प्रत्येक कोड्यानंतर लगेच विचारा. तासाच्या शेवटी एकदाच विचारली तर शेवटचं कोडं तेवढं बोलतं. ‘पोल’ निर्देश वापरत असाल तर त्यात ‘रिझल्ट्स’पुढे ‘इन्स्ट्रक्टर’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे इतरांचा कौल पाहून कुणी आपलं उत्तर ठरवणार नाही.

संमतीचं पान सगळ्यांत आधी, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही तोच सराव मिळाला पाहिजे. फक्त त्याची नोंद विश्लेषणातून वगळायची. बारावीनंतर आलेले कित्येक जण 17 वर्षांचे असतात. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये 18 पूर्ण न झालेली व्यक्ती बालक ठरते, म्हणून पालकांची संमती कागदावर आधीच घ्या. त्याच कायद्यात संशोधनासाठी सवलत आहे, पण ती त्या माहितीवरून त्या व्यक्तीबद्दल कोणताही निर्णय घेतला जाणार नसेल तरच. याचा सरळ अर्थ: या चाचण्यांचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरू नका. हे संमतिपत्रात ठळक लिहा, कारण विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो. पत्रक गुजराती, मराठी आणि हिंदीत काढा. बडोद्याची तंत्रशिक्षण संस्था कलाभवन 1890 मध्ये सुरू झाली तेव्हा तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह याच शहरात धरला गेला होता. आई-वडिलांनी सही करायच्या कागदावर तरी तो सोडू नये.

वेळेचा हिशेब दोन तासांच्या प्रात्यक्षिकात बसतो: लॉगिन आणि संमतीला 15 मिनिटं, पूर्वचाचणीला 15, सरावाला 40, उत्तरचाचणीला 15. उरलेली 35 मिनिटं शिल्लक वाटतील, पण पासवर्ड विसरणं आणि एकदम 60 जणांचं लॉगिन यांत त्यातली बरीच जातात. मोबाइलवर सोडवू देऊ नका. अरुंद पडद्यावर ओळी ओढताना समास (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) चुकतो आणि ती चूक पायथनच्या अज्ञानात मोजली जाते. आठवड्यानंतरच्या चाचणीची तारीख कॅलेंडर पाहून धरा. नवरात्रात बडोद्याचे विद्यार्थी रात्री गरब्याला असतात, सकाळची हजेरी पातळ होते आणि आलेल्यांची झोप झालेली नसते. उत्तरायणाचे 14 आणि 15 जानेवारी हे दोन्ही दिवसही सोडा. तारीख चुकली की गळणारे विद्यार्थी दोन्ही गटांतून सारखे गळतील याची खात्री नसते.

आधी तीन-चार जणांवर पूर्ण फेरी करा, शिक्षकाच्या नव्हे, विद्यार्थ्याच्या खात्यातून. शिक्षकाला काही गोष्टी जास्त दिसतात, त्यामुळे त्या खात्यातून पान नीट दिसलं म्हणजे झालं असं नाही. फेरी झाल्यावर लॉग उतरवून पाहा: प्रत्येक प्रश्नाची ओळ आली का, सिलेक्टक्वेश्चनमधून आलेल्या प्रश्नाची नोंद कोणत्या आयडीखाली पडली, वेळेचे शिक्के भारतीय वेळेचे आहेत की साडेपाच तास मागचे. विद्यार्थ्यांना आधीच संकेतांक द्या. नाव आणि संकेतांक यांची जोडयादी वेगळ्या ठिकाणी, शक्यतो विश्लेषण न करणाऱ्या व्यक्तीकडे ठेवा.

शेवटच्या चाचणीनंतर लॉग उतरवा, मग पानं काढा. स्फिंक्स जुन्या फोल्डरातच पुन्हा बांधतो तेव्हा आधी तयार झालेली पानं पुसत नाही, म्हणून बिल्डचा संपूर्ण फोल्डर रिकामा करून नव्याने बांधा. सर्व्हरवर फाइली आरसिंक या प्रती पाठवणाऱ्या साधनाने पाठवत असाल तर ‘डिलीट’ हा पर्याय लावा, नाहीतर जुनी पानं तिथेच राहतात. मग लॉगिन न केलेल्या ब्राउझरमधून प्रत्येक जुना पत्ता टाइप करून बघा. ‘पान सापडलं नाही’ असं यायला हवं. सरावाची कोडी नंतर पुस्तकात उघडपणे द्यायला हरकत नाही, त्यासाठी मालकांकडे वेगळी पुल रिक्वेस्ट पाठवा. चाचण्या मात्र पुढच्या तुकडीवर अभ्यास पुन्हा करायचा असेल तोवर खाजगी रिपॉझिटरीतच राहू द्या.